लाल पेशीतली जत्रा: गर्दी, प्रोटीन आणि "पानी पे रे बापा"

कारंजा लाडहून बोलतोय, म्हणजे आत्ता लिहितोय. मागच्या भागाचा हा लिखित मजकूर. बऱ्याच जणांनी मेसेज केला की आकडे कानावरून निघून जातात, गाडीवर ऐकताना तर काहीच राहत नाही. तर घ्या, आता स्क्रीनवर बोट ठेवून वाचा. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बघा" काढायचा प्रयत्न केलाय, पण सगळे निघाले नाहीत.

विषय ऐकायला जड आहे. पेशीच्या आत रेणूंची जी प्रचंड गर्दी असते, तिचा प्रोटीनच्या घडीवर आणि वागण्यावर काय परिणाम होतो? मी या विषयाकडे पुस्तकातून आलो नाही, मावसभावामुळे आलो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्याकडचा मे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही; दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नात्यातलं लग्न होतं. भाऊ पंगतीत वाढायला, खुर्च्या उचलायला, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला. दिवसभर चहा पाच वेळा, पाणी मोजून दोन ग्लास. रात्री दोनच्या सुमारास त्याच्या मांड्या आणि पाठ दुखायला लागली. साधं दुखणं नाही हो, हाडाच्या आत कोणी स्क्रू पिळतंय असं दुखणं. त्याला सिकलसेल आहे. सात वर्षांचा असताना कळलं. त्याआधी एका दवाखान्यात "वाढीच्या कळा आहेत" म्हणून दोन वर्षं गोळ्या चालू होत्या.

त्या रात्री ॲम्ब्युलन्समध्ये मावशी एकच वाक्य बोलत होती, "पानी पे, पानी पे म्हनून घसा कोरडा पडला माहा, आयकतच नाही हा."

चार दिवसांनी सलाईन वगैरे संपल्यावर भावानं मला विचारलं, "तू तं बायोकेमिस्ट्री शिकला ना बे? पानी पेल्यानं रक्तात होते काय?" मी म्हणालो, पाणी शरीराला चांगलं असतं. तो हसला. मला लाज वाटली. बी.एस्सी. होऊन हेच उत्तर द्यायचं, तर मावशी काय वाईट होती?

हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं नीट उत्तर.

सुरुवात घडीपासून करू. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फामध्ये १४१ मणी, बीटामध्ये १४६. माळ तयार झाली की ती स्वतःभोवती दुमडते, ठरलेल्या जागी ठरलेलं वळण घेते. ही घडी पडली तरच प्रोटीन काम करतं. उलगडलेलं प्रोटीन म्हणजे न नेसलेली नऊवारी. कापड तेच आहे, पण लुगडं झालेलं नाही.

अमेरिकेतल्या क्रिस्टियन आन्फिन्सन यांनी १९६० च्या आसपास दाखवून दिलं की घडीची माहिती माळेतच लिहिलेली असते. त्यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं प्रोटीन युरियाच्या द्रावणात उलगडलं, मग युरिया काढून टाकला, आणि ते आपोआप परत दुमडून कामाला लागलं. १९७२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोग सुंदरच आहे. फक्त तो झाला पातळ द्रावणात. परीक्षानळीत प्रोटीन थोडं, पाणी भरपूर. रिकाम्या मैदानात एकटा माणूस आरामात घडी घालतोय.

खरी पेशी मैदान नाही, जत्रा आहे.

आकडे बघा. एक लिटर दुधात प्रोटीन साधारण ३० ते ३५ ग्रॅम. अंड्यातला पांढरा बलक लिटरभर जमवला तर त्यात १०० ग्रॅमच्या आसपास. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या आत प्रोटीन आणि आरएनए मिळून लिटरला ३०० ते ४०० ग्रॅम! आणि आपली लाल रक्तपेशी? एकट्या हिमोग्लोबिनचेच लिटरला ३३० ग्रॅमच्या आसपास. एका पेशीत अंदाजे २७-२८ कोटी रेणू. एका रेणूच्या मध्यापासून शेजाऱ्याच्या मध्यापर्यंत सरासरी सात नॅनोमीटर अंतर, आणि रेणू स्वतःच साडेपाच-सहा नॅनोमीटर रुंद. म्हणजे दोघांच्या मधे जेमतेम एक नॅनोमीटर फट.

आता कोणी म्हणेल, हिशेब केला तर हिमोग्लोबिननं पेशीची साधारण पाव जागाच व्यापली आहे. तीन चतुर्थांश पाणीच आहे की! मग गर्दी कसली?

इथंच खरी गंमत आहे. आमच्या गुरुमंदिरात पौष शुद्ध द्वितीयेला, नृसिंह सरस्वतींच्या जयंतीला येऊन बघा. मंडपात वरून फोटो काढला तर माणसांच्या मधे फरशी दिसते. हातभर इथे, वीतभर तिथे. सगळी मोकळी फरशी जोडली तर बरीच भरेल. पण त्यात अजून एक माणूस उभा करून दाखवा. नाही जमत, कारण मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत आहे आणि माणसाला ती एका ठिकाणी सलग लागते. लहान पोरगं पायांतून सुळकन निघून जातं, त्याच्यासाठी मंडप मोकळाच आहे. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईसाठी तो पूर्ण भरलेला आहे. पेशीत पाण्याचा रेणू म्हणजे ते पोरगं आणि प्रोटीन म्हणजे गाठोडंवाली बाई. जागा तीच, पण तुम्ही केवढे आहात त्यावर ती भरलेली की रिकामी ते ठरतं. शास्त्रज्ञ याला एक्सक्लूडेड व्हॉल्यूम म्हणतात; आपण "अडलेली जागा" म्हणू. ॲलन मिंटन या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकापासून हा हिशेब मांडला, आणि सुरुवातीच्या कामांतलं एक हिमोग्लोबिनवरच होतं.

या अडलेल्या जागेचे दोन परिणाम होतात, एक बरा आणि एक धोक्याचा.

बरा असा, की गर्दीत छत्री मिटवावी लागते. उलगडलेली माळ ऐसपैस पसरते, घडी पडलेली आटोपशीर असते. चहूबाजूंनी रेटा असला की आटोपशीर रूप परवडतं. म्हणून गर्दी साधारणपणे प्रोटीनला घडीच्या बाजूनं ढकलते. प्रयोगशाळेत डेक्स्ट्रान, फायकॉल असे साखरेचे मोठे रेणू घालून खोटी गर्दी करतात आणि हे मोजतात. परिणाम बहुतेक वेळा माफक असतो, उगाच फुगवून सांगणार नाही. शिवाय खऱ्या पेशीतले शेजारी नुसते उभे नसतात, तेही थोडे चिकट असतात. कधी उलट माळेला धरून उलगडलेल्या रूपातच अडकवतात. त्यामुळे "गर्दी म्हणजे चांगली घडी" हे अर्धंच खरं आहे.

धोक्याचा परिणाम हा, की गर्दीत लोक एकमेकांना चिकटतात. दोन रेणू बिलगले की त्यांच्या भोवतीची अडलेली जागा थोडी कमी होते आणि ती बाकीच्यांना मिळते. म्हणजे सगळी गर्दीच जणू म्हणत असते, "चिकटा राजेहो, आम्हाले जागा द्या." अर्धवट घडीतली माळ तर फारच धोक्यात, कारण तिचा तेलकट, पाण्याला न मानवणारा भाग उघडा असतो. म्हणून पेशीनं पहारेकरी ठेवलेत. त्यांना शॅपेरॉन प्रोटीन म्हणतात. काही तर पिंपासारखे पोकळ असतात. अर्धवट माळेला आत घेतात, झाकण लावतात, गर्दीपासून दूर एकांतात घडी पडू देतात आणि मग सोडतात. हिमोग्लोबिनच्या अल्फा माळेसाठी तर खास नेमलेला पहारेकरी आहे, एएचएसपी. २००२ मध्ये तो सापडला. बीटा जोडीदार येईपर्यंत तो अल्फाचा हात धरून ठेवतो. बीटा माळ कमी पडली तर एकट्या अल्फांची गुठळी होते, आणि तो बीटा थॅलेसेमिया. तो वेगळा भाग आहे, कधीतरी करू.

जाता जाता, आजीचा मोतीबिंदू हीसुद्धा याच घराण्यातली गोष्ट. डोळ्याच्या भिंगात क्रिस्टॅलिन प्रोटीनची अशीच दाट गर्दी असते आणि त्यातला एक, अल्फा-क्रिस्टॅलिन, स्वतःच शॅपेरॉनचं काम करतो. भिंगाच्या मध्यातलं प्रोटीन जन्मभर बदललं जात नाही. पहारेकरी थकले की गुठळ्या होतात आणि नजरेपुढे धुकं येतं.

आता लाल पेशीकडे. एवढ्या दाटीत साधं हिमोग्लोबिन चिकटत कसं नाही? त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, पाण्याला आवडणारा आहे. दाटीत राहूनही निसटतं राहण्याची ही सवय उत्क्रांतीनं लावली. सिकलसेलमध्ये बीटा माळेतला सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच! १४६ मण्यांतला एक. १९१० मध्ये शिकागोत हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवलं, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी नेमका हा मणी पकडला.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो, माझाही तोच होता. सिकल हिमोग्लोबिनची घडी बिघडलेली नसते. घडी बरोबर पडते, ऑक्सिजनही बरोबर वाहून नेते. फक्त सदऱ्याला बाहेरून एक गोखरू लागलेला असतो. वावरातून येताना पँटला चिकटतात तसला. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खाच उघडी पडते. गोखरू त्या खाचेत बसतो. एकाला एक, मग साखळी, मग चौदा साखळ्यांचा पीळ घातलेला दोर. दोर वाढले की पेशीचा आकार विळ्यासारखा होतो, ती ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. भावाच्या मांडीतला स्क्रू तो हा.

मैदानात एकट्या माणसाला गोखरू लागला तर काय बिघडतं? काही नाही. पातळ द्रावणात सिकल हिमोग्लोबिन शहाण्यासारखं वागतं. १०० मिलिलिटरला साधारण १६-१७ ग्रॅमच्या खाली असेल तर ऑक्सिजन काढून घेतला तरी विरघळलेलंच राहतं. पेशीत ते ३३ च्या आसपास असतं. म्हणजे दोष मण्यात आहे, पण आजार गर्दीत आहे.

आणि आता पाण्याचा मुद्दा. ऑक्सिजन सोडल्याबरोबर लगेच दोर बनत नाहीत. पहिले काही रेणू जमून गाठ तयार व्हायला वेळ लागतो, ती एकदा जमली की पुढचं धडाधड होतं. या थांबण्याच्या वेळेला डिले टाइम म्हणतात. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी ती मोजली, तेव्हा आकडा विश्वास बसू नये असा निघाला. ही वेळ दाटीच्या तब्बल १५ ते ३० व्या घातावर अवलंबून असते. दाटी दुप्पट तर वेग दुप्पट, असा सरळ व्यवहार नाही. दाटी फक्त दहा टक्क्यांनी कमी करा, थांबण्याची वेळ पाचपट ते तेवीसपट लांबते. कॅल्क्युलेटर घ्या, ०.९ ला ०.९ नं पंधरा वेळा, तीस वेळा गुणून बघा.

याला एवढं महत्त्व का, तर पेशीची शर्यत सेकंदांची असते. बारीक केशवाहिनीतून ती साधारण एका सेकंदात निघते, आणि पुढे दहा-पंधरा सेकंदांत फुफ्फुसात पोहोचून परत ऑक्सिजन घेते. ऑक्सिजन मिळाला की गोखरू सुटतो. गाठ जमायच्या आत फुफ्फुस गाठलं तर वाचलो. म्हणून दहा टक्के पातळपणा म्हणजे शर्यत जिंकणं आणि हरणं.

माणूस उन्हात सुकला की रक्तातलं पाणी कमी होतं, क्षारांचं प्रमाण चढतं आणि लाल पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हिमोग्लोबिनचे रेणू तेवढेच, मंडप लहान झाला. त्यातून वाईट म्हणजे वारंवार विळा होणाऱ्या पेशीच्या भिंतीतून पोटॅशियम गळतं आणि त्याच्यामागे पाणीही जातं; काही पेशी कायमच्या घट्ट होऊन बसतात.

आणि एक दुष्टचक्र आहे, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मूत्रपिंडाचा आतला भाग शरीरातल्या सगळ्यात खारट जागांपैकी एक, ऑक्सिजनही तिथं कमी. तिथून जाताना पेशी हमखास सुकते आणि विळा होते. वर्षानुवर्षं असं झालं की मूत्रपिंड लघवी दाट करायची ताकद गमावतं. मग अशा माणसाच्या शरीरातून पाणी जास्तच जातं, उन्हाळ्यातसुद्धा. भाऊ लहानपणी अंथरूण ओलं करायचा म्हणून आम्ही चिडवायचो. तो या चक्रात होता, आणि आम्हाला वाटायचं आळशी आहे. रात्री उठावं लागतं म्हणून पुढे त्यानं संध्याकाळचं पाणीच सोडलं होतं.

मग सरळ पेशीच पातळ करता येणार नाही का? हा प्रयत्न झालाय. १९८० मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांच्या रक्तातलं सोडियम औषधानं मुद्दाम कमी केलं, जेणेकरून पाणी पेशीत शिरावं. पेशी फुगल्या, दुखण्याचे झटके कमी झाले. सिद्धांत खरा ठरला! पण दुसऱ्यांना तसा फायदा दिसला नाही, आणि रक्तातलं सोडियम पाडणं हे जिवावरचं काम आहे. कृपा करून कोणी घरी मीठ बंद करून प्रयोग करू नका, हे मी ऑडिओतही दोनदा सांगितलंय. पुढे पेशीतली गळती बुजवणारं सेनिकापॉक नावाचं औषध आलं. त्यानं पेशी कमी फुटल्या, पण दुखण्याचे झटके काही कमी झाले नाहीत. शरीर म्हणजे नुसती परीक्षानळी नाही.

जे औषध टिकलं ते हायड्रॉक्सीयुरिया. त्याच्यामुळे शरीर बाळपणीचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुन्हा थोडं बनवायला लागतं. एचबीएफ त्या दोरात बसत नाही. गर्दी तेवढीच राहते, पण गोखरूवाले कमी होतात. शिवाय लाल पेशी आकारानं मोठी होते. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. ते डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायचं, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि ताप आला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आपल्या भागाचा इतिहास थोडक्यात. भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. विदर्भात तो एकाच समाजाचा नाही. आदिवासी, बौद्ध, कुणबी, तेली, सगळीकडे सापडतो. "आमच्यात नसते ते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! भारतीय रुग्णांत एचबीएफ जास्त असतं म्हणून आजार सौम्य असतो, असंही सांगतात. नागपूर भागातल्या मुलांवरच्या अभ्यासांत तसा तो सौम्य दिसला नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. तुम्ही चाळिशीच्या आतलेच आहात, तर शिबिर लागलं की बोट पुढे करा.

तिथं जी पहिली तपासणी होते तीसुद्धा गर्दीचीच परीक्षा आहे, हे मला फार आवडतं. सोल्युबिलिटी टेस्ट. तीव्र क्षारांच्या द्रावणात रक्ताचा थेंब घालतात, रसायनानं ऑक्सिजन काढून घेतात. सिकल हिमोग्लोबिन विरघळलेलं राहू शकत नाही, नळी गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या नाहीत तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात, कारण तुम्ही वाहक आहात की रुग्ण हे गढूळपणावरून कळत नाही.

माझ्या नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत. मी वाहक निघालो, एएस. माझ्या पेशीत ३० ते ४० टक्के सिकल, बाकी साधं. गोखरूवाले विखुरलेले, त्यामुळे दोर जमेपर्यंत पेशी फुफ्फुसात पोहोचलेली असते. मला काही त्रास नाही, होणारही नाही बहुधा. फक्त उन्हात पाणी पितो आणि लघवीत कधी लाली दिसली तर दाखवायचं हे लक्षात ठेवलंय. प्रश्न पुढचा आहे. बायकोही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. "पहिलं झालं, आता तीन सुटले" असा हिशेब नसतो.

भाऊ बरा आहे. गोळी रोज घेतो, दोन लिटरची बाटली गाडीच्या हुकला टांगलेली असते. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं, गुरुमंदिराच्या गर्दीसकट. तो म्हणाला, "एवढं लांबलचक कायले सांगतं? मंडप मोठा ठेवाचा, इतकंच ना?" हो, इतकंच.

मागच्या रविवारी एके ठिकाणी माझा बघण्याचा कार्यक्रम होता. पोहे झाले, पत्रिका निघाली, आणि मी पिशवीतून माझा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. मुलीचे वडील क्षणभर काहीच बोलले नाहीत. मावशीनं माझ्या पायाला पाय लावला. मुलीनं मात्र रिपोर्ट उचलला, वाचला आणि विचारलं, "ही टेस्ट कारंज्यातच होते का?"

तिचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. तुमचे प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस नोट दीड मिनिटाच्या आत ठेवा. भेटू पुढच्या भागात.